जळगावची पहाटेची हवा आणि तिच्यावरचं झाकण

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर फिरायला जायचे. कितीही थंडी असो, खाडा नसायचा. "सकाळची हवा म्हणजे औषध आहे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर त्यांना खोकला लागला आणि होळीपर्यंत हटलाच नाही. औषधं झाली, काढे झाले, वाफ घेऊन झाली. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी नळीत फुंकर मारायची तपासणी केली आणि विचारलं, "काका, फिरायला किती वाजता जाता?" वेळ ऐकल्यावर म्हणाले, "थंडी संपेपर्यंत ऊन निघाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही."

अप्पांना ते पटलं नाही, आणि मलाही नाही. पहाटे रस्त्यावर गाड्या तुरळक, दुकानं बंद, मग हवा खराब कशी असेल? त्या एका प्रश्नाच्या मागे लागलो आणि शहराच्या हवेचं बरंचसं गणित उलगडत गेलं. ते इथे मांडतोय, कारण डिसेंबरच्या अंधारात तलावावर अप्पांच्या वयाची खूप माणसं भेटतात.

झाकण कसं बसतं

दिवसा उन्हाने जमीन तापते. तिच्यालगतची हवा तापून हलकी होते आणि वर चढते, वरची गार हवा खाली येते. पातेल्यात पाणी उकळताना खालवर होतं, तसंच हे. या ढवळण्यात रस्त्यावरचा धूर आणि धूळ उचलली जाऊन उंचावर पसरते, विरळ होते. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, त्या दुपारी हे ढवळणं दोन-दोन किलोमीटर उंचीच्याही वर पोचतं.

हिवाळ्याच्या रात्री सगळं उलटतं. आभाळ निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला. जमीन आपली ऊब भराभर सोडून देते आणि गार पडते. तिच्यालगतची हवाही गार, म्हणजे जड होते आणि खालीच बसून राहते. तिच्या वर मात्र तिच्यापेक्षा उबदार हवेचा थर राहतो. एरवी जसजसं वर जावं तसतशी हवा गार होत जाते, इथे खाली गार आणि वर ऊबदार. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. मी झाकण म्हणतो. जड हवा त्या थराला भेदून वर जाऊ शकत नाही आणि तिच्यात जे काही मिसळलंय तेही तिथेच अडकतं.

हे झाकण पहाटे जमिनीपासून शे-दोनशे मीटरवर असू शकतं. आता विचार करा, मेच्या दुपारी शहराला दोन हजार मीटर उंचीची खोली मिळते, आणि जानेवारीच्या पहाटे तीच खोली दोनशे मीटरची होते. धूर तेवढाच सोडला तरी तो दहापट दाट झाला.

आपल्याकडे जमिनीची ठेवणही याला मदत करते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर आणि मधून तापी. रात्री उतारांवरची गार हवा ओघळून या खोऱ्यात येऊन बसते. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर आला की आपण ती बातमी कौतुकाने एकमेकांना पाठवतो. तीच थंडी झाकण घट्ट करते.

म्हणजे पहाटे साडेपाचला रस्ता रिकामा असला तरी हवा रिकामी नसते. आदल्या संध्याकाळच्या गाड्या, हातगाड्यांच्या भट्ट्या, पेटवलेला कचरा, शेकोट्या, रात्रभर महामार्गावरून गेलेले ट्रक, या सगळ्यांचा साठा तिथेच असतो. सात ते नऊ शाळा-कामाची गर्दी त्यात भर घालते. नऊ-दहाला ऊन चढतं, जमीन तापते आणि झाकण उचललं जातं. डॉक्टर बरोबर होते. उन्हाळ्यात मात्र पहाट चांगली. तेव्हा गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडून ओझोन तयार होतो आणि त्याचा जोर दुपारी असतो. उंच आकाशातला ओझोन आपलं रक्षण करतो, पण नाकाशी आलेला ओझोन फुप्फुसाला जाळतो.

धूळ म्हणजे नुसती माती नव्हे

खानदेशात धुळीचं कुणाला काही वाटत नाही. काळ्या मातीचा मुलूख. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, चाकाखाली तिचं पीठ होतं आणि वावटळीबरोबर ते घरात येतं. "मातीच तर आहे, मातीने कुणी मेलंय का," असं आपण म्हणतो. इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी मेख कणांच्या आकारात आहे.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम १० म्हणतात, अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५. म्हणजे एका केसाच्या जाडीत अडीच मायक्रॉनचे वीसेक कण तरी शेजारी-शेजारी बसतील. जाड धूळ नाकातल्या केसांत आणि घशात अडकते, शिंक-खोकल्याने बाहेर पडते. पीएम १० श्वासनलिकांपर्यंत पोचतात आणि दमेकऱ्याला हैराण करतात. पीएम २.५ मात्र फुप्फुसाच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत जातात, आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण तिथून रक्तात उतरतात. म्हणूनच खराब हवेचं दुखणं छातीपुरतं राहत नाही. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्याशी या कणांचा संबंध पक्का सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला आणि २०१३ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेला कर्करोगकारक ठरवलं.

आणखी एक फरक. शांत हवेत डोक्याएवढ्या उंचीवरून दहा मायक्रॉनचा कण काही मिनिटांत खाली बसतो, अडीच मायक्रॉनच्या कणाला तास लागतात. त्याहून बारीक धुराचा कण तर दिवस-दिवस तरंगतो आणि वाऱ्याबरोबर जिल्हा ओलांडून जातो. जी धूळ आपण फडक्याने पुसतो ती हवेतून उतरलेली असते. छातीचा प्रश्न आहे तो न उतरलेल्या धुळीचा.

गेल्या हिवाळ्यात मी घरीच एक साधा प्रयोग केला. तुम्हीही करू शकता. जाड पांढऱ्या कागदाचे दोन तुकडे घेतले, त्यांवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला. एक रस्त्याकडच्या खिडकीच्या गजाला बांधला, दुसरा मागच्या बाजूला, कडुलिंबाकडे तोंड करून. तीन दिवसांनी दोन्ही भिंगाखाली धरले. मागच्या कागदावर तुरळक तपकिरी ठिपके होते. पुढचा करडा झाला होता. भिंगातून तपकिरी मातीचे कण दिसले, पण त्यांच्यामध्ये काळ्या मऊ ठिपक्यांसारखे कण होते. बोट फिरवलं तर माती खरखरीत लागली आणि काळं मात्र काजळासारखं पसरलं. ती माती नव्हती. न जळालेला कोळशासारखा कार्बन होता तो, डिझेलचा किंवा कुठल्यातरी पेटवलेल्या ढिगाचा. (अगदी बारीक कण अशा कागदावर फारसे सापडतच नाहीत, तेव्हा कागद स्वच्छ निघाला म्हणून हवा स्वच्छ असं समजू नका.)

शहरातल्या रस्त्यावरची धूळ हे असंच मिश्रण असतं. माती, टायरचं झिजलेलं रबर, ब्रेकचा धातूचा चुरा, काजळी, वाळूच्या डंपरमधून सांडलेली गिरणेची वाळू. प्रत्येक अवजड चाक तिला आणखी बारीक दळतं आणि पुन्हा उडवतं. जळगावात पाइपलाइन आणि भुयारी गटारीसाठी एकामागून एक रस्ते खणले गेले, चाऱ्या नुसत्या मुरूम टाकून बुजवल्या गेल्या. त्या काळात दुपारी दोनला महामार्गावरच्या टपरीत चहा प्यायला असाल तर ग्लासावर बोट ठेवून प्यायला असाल.

ही धूळ आवरायला कुठलं नवं विज्ञान लागत नाही. डांबराच्या कडेपासून गटारीपर्यंतची मातीची साईडपट्टी फरसबंद केली किंवा तिथे हिरवळ लावली, तर धुळीचा कारखानाच बंद होतो. खोदलेली चारी त्याच आठवड्यात डांबरानं बुजवायची. वाळू-खडी-मुरूमाच्या गाडीवर ताडपत्री, बांधकामाभोवती आडोसा. झाडूने रस्ता झाडणं म्हणजे खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत पाठवणं, आणि झाडणाऱ्या ताईंच्या छातीत पहिली. ओढून घेणारी यंत्रं हवीत, आणि ती नसतील तोवर निदान झाडण्याआधी पाणी शिंपडलं पाहिजे. पाण्याचे फवारे उडवणाऱ्या गाड्यांवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. जाड धूळ तासाभरापुरती बसते, ऊन लागलं की परत उडते, आणि बारीक कणांवर त्यांचा परिणाम नगण्य. पाणीटंचाईच्या जिल्ह्यात ते पाणी झाडांना तरी मिळावं.

पराट्यांचा धूर

आता शहराबाहेर पडू. जानेवारीत चोपड्याकडे किंवा पारोळ्याकडे संध्याकाळी गेलात तर वावरावावरात धुराच्या रेघा दिसतात. कपाशीच्या पराट्या, म्हणजे वेचणीनंतर उरलेल्या वाळक्या काड्या, जळत असतात. शहरातला माणूस पटकन शेतकऱ्याला दोष देतो, म्हणून त्याची बाजू आधी सांगतो. गुलाबी बोंडअळी पराट्यांत आणि उरलेल्या कैऱ्यांमध्ये, म्हणजे न उमललेल्या बोंडांमध्ये, मुक्काम करते. हंगाम संपला की पराट्या शेतात उभ्या ठेवू नका, नायनाट करा, हे कृषी विभागच सांगतो, आणि ते बरोबरच आहे. उपटायला मजूर लावायचे, वाहून न्यायला ट्रॅक्टर लावायचा, आणि गहू-हरभऱ्याची घाई. काडी ओढणं फुकट पडतं.

माझ्या मामेभावाचं यावल तालुक्यात वावर आहे. त्याने दोन वर्षांपासून ट्रॅक्टरला जोडायचं श्रेडर भाड्याने आणून पराट्यांचा भुगा करायला सुरुवात केली. भुगा जमिनीत गाडला जातो, अळीही चिरडली जाते. "पहिल्या वर्षी डिझेलचा हिशोब बोचला," तो म्हणाला, "दुसऱ्या वर्षी नांगर हलका चालला." गावात एक यंत्र असेल आणि हंगामात वेळेवर मिळालं तर निम्मे लोक काडी ओढणार नाहीत असं त्याचं मत आहे. मलाही खरं वाटतं. दंडाच्या नोटिशीपेक्षा वेळेवर मिळालेलं यंत्र जास्त कामाचं.

दुसरी वाट आपल्या दारातच आहे. पराट्यांचा भुगा दाबून कांड्या करता येतात, त्या कोळशासारख्या जळतात. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये औष्णिक वीज केंद्रांना कोळशात काही प्रमाणात असा शेतीचा जैवभार मिसळायला सांगितलं. उघड्यावर जळताना ओलसर काडी अर्धवट जळते आणि धुराचे लोट उठतात. बॉयलरमध्ये तीच काडी प्रचंड तापमानाला पूर्ण जळते, आणि राख गाळण यंत्रात अडकते. खानदेशात कपाशीही आहे आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्रही आहे. या दोघांमध्ये गोळा करणारी, वाळवणारी, भाव देणारी साखळी उभी राहायला हवी. शेतकऱ्याला क्विंटलमागे चार पैसे मिळाले तर पराटी पेटणार नाही.

आणि हो, भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजायची, त्यात तडजोड नाही. चार वांग्यांची काडी आणि चार एकराची काडी यांत फरक आहे.

दीपनगरचा विषय निघालाच आहे तर तोही समजून घेऊ. भुसावळजवळच्या या केंद्रात ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, शिवाय इतरही. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण साधारण ३० ते ४० टक्के. बरीचशी उडती राख धुराड्यात जाण्याआधी विजेच्या भारित पट्ट्यांवर ओढून पकडली जाते आणि सिमेंट-विटांना वापरली जाते. उरलेली राख बंधाऱ्यात साठते. ती वाळली आणि वारा सुटला की आजूबाजूच्या गावांच्या पिकांवर, कपड्यांवर, पाण्यावर बसते. तिथे राख ओली ठेवणं आणि ती भराभर उचलली जाणं, हाच उपाय. उंच धुराड्याचा वायू मात्र वेगळा खेळ करतो. तो बहुतेक वेळा झाकणाच्या वर सुटतो, म्हणून जवळच्या गावाला लगेच जाणवत नाही. पण त्यातला सल्फर डायऑक्साइड हवेतल्या अमोनिया-बाष्पाशी मिळून काही तासांत, दिवसांत सूक्ष्म कणांत बदलतो आणि दूरवर उतरतो. म्हणजे पीएम २.५ नेहमी कण म्हणून जन्मत नाही. वायू म्हणून निघतो आणि वाटेत कण होतो. गाड्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडांचंही तसंच.

गाड्यांबद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या धुराच्या कडक मानकाच्या गाड्या आणि इंधन आलं, डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण दशलक्षाला ५० भागांवरून १० वर आलं, डिझेलच्या नव्या गाड्यांना काजळी अडवणारी गाळणी बसली. फरक मोठा आहे. पण जुने ट्रक अजून रस्त्यावर आहेत, आणि सुरत-नागपूर महामार्ग जळगावच्या मधोमध, शाळा-दवाखान्यांना खेटून गेलेला आहे. लांबच्या वाहतुकीला शहराबाहेरून वाट देणं हा वाहतुकीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. माझ्या लेखी तो आधी छातीचा प्रश्न आहे.

कचऱ्याचं मात्र जास्त वाईट वाटतं, कारण तो आपल्या हातात आहे. कोपऱ्यावर पालापाचोळा, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, कुणीतरी पहाटे काडी लावतं आणि ऊब घेतं. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी बंदी घातली. प्लास्टिक जळताना डायॉक्सिनसारखी विषारी रसायनं सुटतात, आणि हे सगळं अगदी माणसाच्या नाकाच्या उंचीवर, झाकण बसलेलं असताना. जी बाई किंवा चौकीदार त्या शेकोटीजवळ बसतो त्याला दुसरा उपाय नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. आमच्या गल्लीत आम्ही चौकीदार काकांना जाड जाकीट आणि एक विजेची शेगडी दिली. त्यानंतर तिथे टायर जळालेला नाही. पाला जिथे पडतो तिथेच खड्ड्यात टाकतो, पावसाळ्यापर्यंत खत होतं. सातपुड्याच्या पाड्यांवर आणि शहराच्या झोपडपट्ट्यांत चूल अजून पेटते. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून सिलिंडर घरोघरी नेला, पण रिकामा सिलिंडर भरून आणणं परवडलं तरच चूल विझते.

आकडा कसा वाचायचा

२०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली मर्यादा सतत ओलांडणाऱ्या शहरांच्या त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर जळगावचंही नाव आहे. आपल्या देशाची मर्यादा अशी: घनमीटर हवेत पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅम, वर्षाच्या सरासरीने ४०. पीएम १० साठी १०० आणि ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ५ वर आणली. म्हणजे आपल्या मर्यादेत बसलेलं शहरही निर्धास्त नसतं.

मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक आठ प्रदूषकांवर बेतलेला असतो, पण तो त्यांची सरासरी नसतो. ज्या प्रदूषकाचा आकडा सगळ्यात वाईट, तोच निर्देशांक. ५० पर्यंत चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट, त्यापुढे गंभीर. 'मध्यम' शब्दाने फसू नका, दमेकरी, लहान मुलं आणि हृदयरोगी यांना तिथेच त्रास सुरू होतो.

शिवाय देशात हाताने नमुने घेणारी जी केंद्रं आहेत, ती आठवड्यातून दोनदा चोवीस तासांचा नमुना घेतात. त्या सरासरीत अप्पांची पहाटेची साडेपाचची हवा आणि दुपारची चांगली हवा एकत्र मिसळून जाते. तासातासाला मोजणारी यंत्रं शाळेजवळ, दवाखान्याजवळ, महामार्गाच्या चौफुलीवर हवीत, म्हणजे कोणत्या वेळी, कुठून धूर येतो ते कळेल. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात देशभर बराच पैसा रस्त्यावरच्या धुळीवर खर्च झाला, कारण यश पीएम १० वर मोजलं गेलं. धूळ आवरायलाच हवी, हे मी वर लिहिलंच आहे. पण छातीत खोलवर जाणारं बहुतेक जाळण्यातून येतं, आणि जाळणं थांबवणं हे यंत्र विकत घेण्याइतकं सोपं काम नसतं. दिल्लीत २०२१ मध्ये हवा गाळणारा मोठा मनोरा उभा केला, त्याचा परिणाम जवळच्या थोड्या अंतरापलीकडे गेला नाही. उघड्या आभाळाखाली हवा गाळत बसण्यापेक्षा आग विझवणं स्वस्त पडतं.

तोवर घरात काय करायचं? तोंडाला बांधलेला रुमाल किंवा स्कार्फ जाड धूळ अडवतो, पीएम २.५ नाही. एन-९५ मास्क अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. घरात कोरडा झाडू मारण्यापेक्षा ओलं फडकं बरं. हिवाळ्यात खिडक्या पहाटे उघडण्यापेक्षा अकरा ते चारमध्ये उघडाव्यात. डासांची कॉइल बंद खोलीत लावणं म्हणजे छोटी शेकोटी घरात लावणं, मच्छरदाणी तिच्यापेक्षा शंभरपट चांगली.

अप्पांनी स्वतःची एक पद्धत बसवली आहे. उजाडल्यावर आधी गच्चीवर जाऊन उत्तरेकडे पाहायचं. पाऊस पडून गेल्यावर तिथून सातपुड्याची निळी रांग स्वच्छ दिसते. नोव्हेंबरनंतर बऱ्याच सकाळी तिथे फक्त एक मळकट पट्टा असतो. रांग दिसली तर ते काठी घेऊन निघतात. नाही दिसली तर खाली येतात, चहा घेतात, पेपर वाचतात आणि साडेनऊच्या सुमाराला पुन्हा एकदा गच्चीवर जातात.